खोल स्नोमध्ये ट्रक आणि मागे ट्रेलर: टायरखाली नेमकं काय होतं

मागच्या जानेवारीत व्हिडिओ कॉलवर माझा मावसभाऊ मला विचारत होता, "अरे एवढा धिप्पाड ट्रक तुझा, फोर बाय फोर, साडेतीनशे घोड्यांची ताकद, आणि हातभर भुशात अडकतोय?" मी तेव्हा गुडघ्यावर बसून ट्रकच्या पोटाखालची स्नो उपसत होतो आणि फोन समोर बंपरवर टेकवला होता. दादा वाळवा तालुक्यातला, कितीतरी वर्षं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहतोय, म्हणजे मागे वजन बांधून चालवणं म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी त्याला हा प्रश्न पडला, आणि इथे नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलालाही हाच पडतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी जागा सांगतो. मी हॉटनला राहतो, अमेरिकेत मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, किविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे ते लेक सुपिरियरमध्ये बोटासारखं घुसलंय. मिशिगन टेक युनिव्हर्सिटी इथलीच, त्यामुळे पुण्या-मुंबईची पोरं दरवर्षी येतात. कॅनडाकडून कोरडा थंडगार वारा येतो, तलावाचं पाणी त्या मानाने गरम असतं, वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि जमिनीवर आला की सगळी स्नो आमच्या डोक्यावर टाकतो. हॉटनला एका सीझनला सरासरी २०० इंचांच्या वर पडते, म्हणजे सोळा-सतरा फूट. किविनॉचा रेकॉर्ड १९७८-७९ च्या हिवाळ्यातला, ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट, आणि यूएस-४१ हायवेच्या कडेला थर्मामीटरसारखा एक उंच बोर्ड उभा केलाय त्यावर हा आकडा आहे, त्याच्याखाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात आणि अर्ध्या घरांत मागे ओढायला स्नोमोबाइलचा, म्हणजे स्नोवर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीचा, ट्रेलर असतो. त्यामुळे खोल स्नोमध्ये ट्रेलर ओढणं हा इथे शौक नाही, शनिवारचं काम आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. आकाशातून पडते ती स्नो, पाणी गोठून घट्ट होतो तो बर्फ, आणि टायरच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्राणी आहेत. या लेखात मी स्नो आणि बर्फ वेगळेच म्हणणार आहे. स्नोमध्येसुद्धा प्रकार आहेत. उणे पंधरा-वीसला पडते ती पिठीसाखरेसारखी, मुठीत घेऊन दाबली तर लाडू वळत नाही, बोटांतून सांडते. शून्याच्या आसपास पडते ती ओल्या नारळाच्या चवासारखी, दाबली की झटकन लाडू. हे मी उगाच सांगत नाहीये, मी अजूनही गाडी काढण्याआधी मूठभर स्नो दाबून बघतो. लाडू वळला म्हणजे टायरखाली ती दाबली जाऊन घट्ट होणार, धरून ठेवणार, पण वजनाला जड आणि वर चाक फिरलं की चकाकणारा बर्फ होणार. लाडू वळला नाही तर टायर खाली खाली जात राहणार.

आता दादाच्या प्रश्नाचं उत्तर. इंजिन ताकद बनवतं, पण ती ताकद रस्त्यावर उतरते फक्त टायर जिथे टेकतो तेवढ्या तुकड्यातून. हा तुकडा केवढा असतो याचा हिशोब सोपा आहे. टायरमध्ये हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढ्याच दाबाने टायर जमिनीवर टेकतो. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच किलो. ट्रकचं वजन २३०० किलो धरा, एका चाकावर ५७५ किलो, भागाकार केला की २३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे बोटं पसरलेल्या पंजापेक्षा थोडं जास्त. असे चार पंजे, बस. साडेतीनशे घोडे त्या चार पंजांतून जाणार, आणि त्या पंजांखाली जे काही आहे ते जेवढं सहन करेल तेवढेच घोडे कामाचे, बाकीचे चाक जागेवर गरागरा फिरवण्यात जातात.

खोल स्नोमध्ये यात अजून एक भर पडते. चाक पुढे जाताना सतत नवीन पायरी चढल्यासारखं समोरची स्नो दाबत जातं, आणि स्नो दाबायलाही ताकद लागते. त्यातून गाडी जेवढी खाली बसते तेवढी ही पायरी उंच होते. साध्या पिकअपच्या पोटाखाली आठ-नऊ इंच जागा असते. स्नो त्याच्यावर गेली की बंपर, अॅक्सल, सगळं नांगरासारखं स्नो ढकलायला लागतं, ती पोटाखाली कोंबली जाते, आणि एका क्षणी गाडीचं वजन चाकांवरून उठून पोटावर येतं. पोट टेकलं की संपलं. चारही चाकं छान फिरतात पण त्यांच्यावर वजनच नाही तर पकड कुठून येणार. दादाला मी कॅमेरा खाली नेऊन दाखवलं, डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचा, गोळा स्नोमध्ये असा रुतून बसला होता जसा पिठात दाबलेला वाटीचा तळ, आणि बाजूला टायरने स्वतःसाठी गुळगुळीत खड्डा करून घेतला होता. तो म्हणाला, "अरे हे तर चिखलात रुतल्यागत झालं." तसंच आहे. फक्त चिखल उन्हाने वाळतो, ही वाळत नाही.

यावर पहिला उपाय ऐकायला उलटा वाटतो, टायरमधली हवा कमी करणं. कोकणात बीचवर गाडी नेऊन रुतवणारे दर वीकेंडला दिसतात, भरती येतेय, मालक अॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी खाली चाललीये. तिथे जाणकार माणूस येऊन आधी हवा काढतो. स्नोलाही तेच लागू. ३५ चे १५ पीएसआय केले तर वरच्याच हिशोबाने चार पंजांच्या जागी जवळजवळ चार ए-फोर कागद होतात. तेवढंच वजन दुपटीहून जास्त जागेवर पसरतं, टायर लांबट होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि स्नोच्या वर राहतो. आइसलँडचे लोक यात गुरू आहेत, ३८ ते ४४ इंची टायर लावतात आणि ग्लेशियरवर चार-पाच पीएसआयपर्यंत खाली येतात, टायर पुरणपोळीसारखा लोळतो. आपल्या साध्या टायरला तेवढं करायचं नाही, १५ च्या खाली गेलं की वळताना टायर रिममधून निसटू शकतो. आणि हे फक्त अडकल्यावर किंवा न साफ केलेल्या जंगलातल्या रस्त्यावर, हळू. परत डांबरी रस्त्यावर आलात की छोट्या कंप्रेसरने हवा भरायचीच, कमी हवेच्या टायरवर वेगाने गेलं की तो तापून फाटतो. ट्रेलरच्या टायरची हवा मात्र सोडू नका.

रुंद टायर चांगला की अरुंद यावर लोक तासन्तास भांडतात. माझं मत असं की दोघंही बरोबर आहेत पण वेगळ्या रस्त्यांवर. शहरात तीन-चार इंच स्नो आणि खाली डांबर असेल तर अरुंद टायर ती कापून खाली पोचतो. तीन फुटाच्या स्नोला खाली पोचण्याचा प्रश्नच नाही, तिथे तरंगायला हवं, म्हणजे रुंद आणि मऊ.

पण रुंदीपेक्षा महत्त्वाचं आहे ते रबर. साधा टायर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतो, उणे वीसला तर त्याला नखाने दाबून बघा, प्लास्टिकच्या बादलीसारखा लागतो. विंटर टायरचं रबर मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या उघडमीट करत स्नो पकडतात. नवीन लोकांना वाटतं की टायरच्या नक्षीत स्नो भरली म्हणजे वाईट झालं. उलट आहे. स्नो स्नोला सर्वात चांगली चिकटते, लाडू वळतो तो याच कारणाने, त्यामुळे नक्षीत भरलेली स्नो खालच्या स्नोला धरते. टायर घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत स्नोचं फूल असं चिन्ह बघा. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर ते नक्षीबद्दल आहे, रबर थंडीत कसं वागतं याची चाचणी त्यात नाही.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल लोकांच्या डोक्यात फार मोठा गैरसमज आहे आणि तो मला मनापासून दूर करायचाय, कारण पहिल्या स्नोफॉलला खड्ड्यात उलटलेल्या गाड्यांत फोर बाय फोर कमी नसतात. फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद दोन पंजांऐवजी चार पंजांत वाटणं, एवढंच. त्यामुळे गाडी निघते छान, चढते छान. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच, मग थांबताना फोर बाय फोरचा फायदा काय? काहीच नाही. आकडे बघा. ताशी ६० ने चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण वीस मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या स्नोवर तीच गाडी सत्तर मीटर घेते. बर्फावर एकशे चाळीस. हे फक्त ब्रेक लागल्यानंतरचं, तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळं. आणि सगळ्यात वाईट बर्फ उणे वीसचा नसतो, शून्याजवळचा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीपेक्षा मला मार्चमधली दुपार जास्त घातक वाटते.

दुसरं म्हणजे फोर व्हील ड्राइव्हमध्ये असूनही प्रत्येक अॅक्सलवर डिफरन्शियल असतं आणि त्याची सवय अशी की जे चाक सहज फिरतंय त्यालाच फिरवत बसायचं. पुढचं एक आणि मागचं एक चाक सैल झालं की गाडी उभी. लॉकर असेल तर दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, सरळ निघायला उत्तम, पण वळणावर लॉकर लावून ठेवू नका, गाडी सरळच जायला बघते. फोर हाय, म्हणजे फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा गिअर, हे चालवायला, फोर लो, म्हणजे हळू पण जास्त जोराचा, हे बाहेर निघायला किंवा तीव्र उतारावर. आणि ट्रॅक्शन कंट्रोल, जे साफ केलेल्या रस्त्यावर जीव वाचवतं, ते खोल स्नोमध्ये बंद करावं लागतं, कारण चाक जरा फिरलं की ते इंजिनचा गळा दाबतं आणि इथे तर थोडी फिरकी आणि न थांबता पुढे सरकत राहणं हेच हवं असतं. रस्त्यावर आल्यावर ते परत चालू करायला विसरू नका.

रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, इंजिन पुढे, मागे नुसता मोकळा हौदा. म्हणून नोव्हेंबर आला की इथल्या दुकानांबाहेर लांब पिशव्यांत भरलेली वाळू विकायला येते, एक पिशवी सत्तावीस किलोची. चार-पाच पिशव्या बरोब्बर मागच्या अॅक्सलच्या वर ठेवायच्या आणि बांधायच्या, नाहीतर अपघातात त्या मागची काच फोडून आत येतात. अगदीच अडकलात तर एक पिशवी फाडून वाळू चाकाखाली टाकता येते, तो बोनस.

आता ट्रेलर, जिथे दादा आणि मी एका पानावर आलो. मी त्याला विचारलं की ट्रॉलीत ऊस मागे जास्त भरला तर काय होतं, तर म्हणाला ट्रॉली शेपटी हलवते, आणि पुढे जास्त भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं, स्टेअरिंग हातात राहत नाही. ट्रेलरचं पूर्ण शास्त्र त्याने एका वाक्यात सांगितलं. इथे नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन कपलरमधून, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या वाटीतून, ट्रकच्या मागच्या गोळ्यावर यायला हवं. कमी असेल तर ट्रेलर डोलायला लागतो, जास्त असेल तर ट्रकचं मागचं अंग दबून पुढची चाकं हलकी होतात, आणि स्नोवर हलकी पुढची चाकं म्हणजे स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ. कोरड्या रस्त्यावर जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही, एवढाच फरक.

त्यात लोक विसरतात ते छतावरचं वजन. वीस फुटी बंद ट्रेलर, साडेआठ फूट रुंद, त्यावर रात्रीत एक फूट स्नो पडली. साधारण पावणेपाच घनमीटर झाली, आमची पिठासारखी हलकी धरली तरी साडेतीनशे-चारशे किलो, ओली असेल तर हजाराच्या वर. म्हणजे कागदावर ट्रेलरचं वजन एक आणि खरं भलतंच, आणि तेही वर, जिथे वजन नको असतं. वरून हायवेवर तिचा पापुद्रा सुटून मागच्या गाडीच्या काचेवर आदळतो. निघण्याआधी छत साफ करायचं, कितीही कंटाळा आला तरी.

ओढताना खरी भीती चढाची नाही, उताराची आहे. चढावर फार फार तर चाक फिरेल. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो. शेजारच्या हॅनकॉक गावाच्या वर क्विन्सी हिल नावाची टेकडी आहे, तिथून खाली गावात उतरताना समोर सिग्नल आणि मागे चार स्नोमोबाइल भरलेला दोन टनी ट्रेलर असला की पोटात गोळा येतो, अजूनही. तुम्ही ट्रकचा ब्रेक दाबता, ट्रकच्या चाकांची पकड कमी, ट्रेलर म्हणतो मला थांबायचं नाही, आणि तो ट्रकच्या मागच्या भागाला बाजूला ढकलतो. ट्रक आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटायला लागतात. यात महत्त्वाचं हे की कोण घसरतंय ते ओळखणं. ट्रकचं मागचं अंग बाजूला जातंय म्हणजे ट्रेलर ढकलतोय. तेव्हा ट्रकच्या ब्रेकवरून पाय उचलायचा, स्टेअरिंग जिकडे जायचंय तिकडे हळू ठेवायचं, आणि ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ट्रकमध्ये त्यांचा जो कंट्रोलर असतो त्याची कळ हाताने थोडीशी दाबायची. त्याने फक्त ट्रेलर ब्रेक घेतो, मागून कुणीतरी दोरी ताणून धरल्यासारखं सगळं परत सरळ होतं. पण आरशात ट्रेलरच बाहेर येताना दिसतोय आणि ट्रक सरळ आहे, म्हणजे ट्रेलरची चाकं लॉक होऊन घसरतायत. तेव्हा नेमकं उलटं करायचं, ट्रेलरचा ब्रेक सोडायचा म्हणजे चाकं फिरायला लागतात, आणि फिरणारं चाकच दिशा धरतं. घसरणाऱ्या चाकाला डावं-उजवं कळत नाही.

म्हणून स्नोमध्ये निघताना कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, कमी करायचा. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी तीसने जाऊन कळ दाबून बघायची, ट्रेलरची चाकं लॉक होतात का, होत असतील तर अजून खाली आणायचं. छोट्या दोन स्नोमोबाइलच्या उघड्या ट्रेलरना बऱ्याचदा ब्रेकच नसतात, तिथे तर वेग हाच एकमेव ब्रेक. उताराच्या आधी, वरच, खालचा गिअर टाकायचा आणि फोर हायमध्ये राहायचं म्हणजे इंजिनचा ब्रेक चारही चाकांत वाटला जातो, नुसत्या मागच्या दोनवर आला तर तीच दोन घसरतात. आणि चढाला एक पथ्य मी कधीच मोडत नाही, पुढची गाडी माथा पार करेपर्यंत मी पायथ्याला थांबतो. मध्येच थांबावं लागलं तर परत निघणं अवघड, आणि ट्रेलरसकट घसरड्या उतारावर रिव्हर्स येणं हे तर कुणालाही जमत नाही.

एक प्रसंग सांगतो. उणे अठरा होतं, सकाळी सहाला कपलर गोळ्यावर बसवला, लॅच खाली दाबला, खट आवाज आला, पिन घातली. सवयीने मी मग ट्रेलरचा जॅक परत थोडा वर फिरवतो, कपलर नीट धरला असेल तर त्याबरोबर ट्रकचं मागचं अंगही उचललं जायला हवं. त्या दिवशी कपलर एकटाच वर आला. टॉर्च मारून बघितलं तर कपलरच्या वाटीत आत अंगठ्याएवढा बर्फाचा चकचकीत खडा होता, काल रात्री टायरने उडवलेली स्नो वितळून गोठलेली, त्यामुळे गोळा पूर्ण आत बसलाच नव्हता आणि लॅच हवेतच बंद झाला होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला, पाच मिनिटं. तो ट्रेलर पहिल्या खड्ड्याला सुटला असता. सेफ्टी चेन असतात खाली, त्या कपलरच्या खाली क्रॉस करून लावायच्या म्हणजे तोंड सुटलं तरी झोळीत पडतं, पण तिच्यावर विसंबून कोण निघेल? तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना, बायकोलाही, जॅक फिरवून बघितल्याशिवाय निघू देत नाही.

तरी अडकलातच तर. पहिल्यांदा अॅक्सिलरेटर सोडा. चाक फिरवत बसलात की खालची स्नो वितळून बर्फ होतो आणि तुम्ही स्वतःची कबर गुळगुळीत करता. फावडं घ्या, हे ट्रकमध्ये हवंच, आणि आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. हे मी ओरडून सांगतोय. तोंड स्नोने बुजलं आणि इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलात तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपतो आणि उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला स्नो बघायला गेलेले पर्यटक रात्रभर गाड्यांत अडकले आणि वीसहून जास्त लोक गेले, त्यात काहींचा जीव या वायूने गेला. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल टनेलच्या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या, मनालीला आपल्याकडून किती लोक स्वतःची गाडी घेऊन जातात ते सांगायला नको. अडकलात तर दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सर बघा, इंजिन सतत नाही, थोडा थोडा वेळ चालवा, वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर खाली ठेवा.

मग पोटाखालची स्नो उपसा, चाकांच्या पुढची-मागची काढा. यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यानेच गाडी निघते. बाहेर काढायची ती आलात त्याच वाटेने, उलटी, कारण तिथली स्नो तुमच्याच चाकांनी दाबून ठेवलीये. ट्रेलर असेल तर आधी तो सोडा, ट्रक काढा, मग ट्रेलर लांब पट्ट्याने ओढा. दोन्ही एकदम काढायला जाणारे दोन्ही गमावतात.

दुसऱ्या गाडीने ओढून काढायचं असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवू नका. माझ्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एक जुनं टेलगेट भिंतीला टेकवून ठेवलंय, त्यात मुठीएवढं भोक आहे, कडा आतल्या बाजूला वळलेल्या. कुणीतरी रुतलेल्या गाडीच्या गोळ्याला पट्टा लावून त्याच्या ट्रकने झटका दिला, गोळ्याची मान तुटली आणि किलोभराचा पोलादी गोळा ताणलेल्या पट्ट्याबरोबर गलोलीच्या दगडासारखा आला, टेलगेट पार करून हौद्यात शिरला. मध्ये माणूस उभा नव्हता. गोळा ट्रेलर ओढायला बनवलेला आहे, झटका घ्यायला नाही. त्याऐवजी गोळ्याचा दांडा काढा, बंपरखालच्या चौकोनी नळीत शॅकलचा, म्हणजे पट्टा अडकवायच्या पोलादी कडीचा, ठोकळा घाला, तो नसेल तर पट्ट्याचं तोंड नळीत घालून त्यातून पिन घाला. पुढून ओढायचं तर चेसिसला असलेले हुकच.

पट्टा कसला आहे यालाही अर्थ आहे. लोखंडी साखळी अजिबात ताणली जात नाही, सगळा झटका एका क्षणात लोखंडावर येतो. साधा टो पट्टा थोडाच ताणतो, तो चालत्या गाडीला ओढून न्यायला. रुतलेल्या गाडीला लागतो तो नायलॉनचा कायनेटिक दोर, तो तीस टक्क्यांपर्यंत ताणतो, ओढणारी गाडी चालण्याच्या वेगाने पुढे जाते, दोर रबरासारखा ऊर्जा साठवतो आणि मग हळूच, मोठ्या जोराने रुतलेल्या गाडीला उपटतो. दोराच्या मध्यावर जाड जॅकेट किंवा गोणपाट टाकून ठेवा, तुटला तर ते त्याला खाली पाडतं. बघे असतील त्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा, आणि दोराच्या रेषेत तर कुणीच नको.

थंडीची बाकीची दुखणी थोडक्यात. तापमान साडेपाच डिग्रीने उतरलं की टायरची हवा एक पीएसआयने उतरते, त्यामुळे हवा सकाळी थंड टायरमध्ये बघा. डिझेल ट्रक असेल तर हिवाळी डिझेलच भरा, साधं डिझेल थंडीत मेणासारखं होऊन फिल्टर चोंदवतं. डीईएफ, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव, उणे अकराला गोठतं, त्याच्या टाकीला हीटर असतो, घाबरू नका. ट्रेलरच्या लाइटचा प्लग मिठाने गंजतो, दर आठवड्याला बघा. स्नोच्या ढिगांमागून तुमची गाडी चौकात दिसावी म्हणून इथे लोक अँटेनाला नारिंगी झेंडा लावतात, तो दहा रुपयाच्या कापडाचाही चालतो. आणि प्लाऊ ट्रकला, म्हणजे स्नो साफ करणाऱ्याला, ओव्हरटेक करू नका, त्याच्या बाजूला पाते पसरलेलं असतं आणि ते पांढऱ्या धुळीत दिसत नाही.

घरी आल्यावर ट्रेलर सोडायचा तो नुसता स्नोवर नाही. चाकांखाली आणि जॅकच्या पायाखाली लाकडी फळ्या घाला, नाहीतर गरम टायरने वितळलेली स्नो रात्रीत गोठते आणि सकाळी चाकं जमिनीला चिकटलेली असतात. ओल्या ब्रेकवर ट्रकचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, तोही तसाच गोठतो, सपाटीवर पार्कमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावला की पुरतं. दादाने हे ऐकून सांगितलं की त्यांच्याकडेही ट्रॉली सोडली की आधी चाकाखाली दगड लागतो, मगच पिन निघते.